विकत न मिळणाऱ्या गाड्यांची शर्यत

प्रश्न असा आहे: नव्वदच्या दशकात जागतिक रॅली अजिंक्यपद, म्हणजे डब्ल्यूआरसी, फॉर्म्युला वनच्या तोडीस तोड मानली जायची. आज तिच्या सर्वोच्च वर्गात जेमतेम तीन संघ आणि दहा-बारा गाड्या दिसतात. असं का झालं, आणि ती पुन्हा उभी राहील का?

मी बरीच वर्षं आपल्या राष्ट्रीय रॅलींमध्ये नेव्हिगेटरच्या, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट वाचून दाखवणाऱ्या सहचालकाच्या, सीटवर काढली, नंतर गाड्यांच्या तांत्रिक तपासणीकडे वळलो. त्यामुळे माझं उत्तर थोडं नट-बोल्टच्या अंगाने जाईल. माझ्या मते मूळ दुखणं एकच आहे: सर्वोच्च वर्गातली गाडी विकत मिळेनाशी झाली. ना ती तुम्हाला-मला शोरूममध्ये मिळते, ना एखाद्या खासगी संघाला कारखान्याकडून. लोएब या एकाच चालकाची मक्तेदारी, २००८ ची मंदी, हायब्रिडचा घोळ, टीव्हीचं दुर्लक्ष अशी जी कारणं लोक देतात तीही खरी आहेत. पण हे धक्के पचवायला खाली खासगी संघांची जी फळी लागते, ती याच एका गोष्टीमुळे विरत गेली.

आधी ग्रुप बी या जुन्या, जवळजवळ बेलगाम गाड्यांच्या वर्गाचं उरकून टाकतो, कारण रॅलीचा विषय निघाला की कोणीतरी ‘ग्रुप बी परत आणा’ म्हणतोच. १९८२ ते १९८६ असा हा सगळा पाच हंगामांचा खेळ. २०० गाड्या बनवून दाखवल्या की कंपनीला मान्यता मिळायची, आणि मग शर्यतीच्या गाडीत जवळजवळ हवं ते करता यायचं. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालात सिंत्राजवळ एक फोर्ड आरएस२०० गर्दीत घुसली आणि प्रेक्षकांचे जीव गेले. आघाडीच्या चालकांनी त्याच दिवशी रॅलीतून अंग काढून घेतलं. दोन महिन्यांत, २ मे रोजी, कॉर्सिकात हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्तो यांची लॅन्चिया डेल्टा एस४ रस्त्याखाली कोसळून जळून गेली. दोघेही वाचले नाहीत. पुढच्या वर्षापासून ग्रुप बी बंद झाला. त्या गाड्यांचे व्हिडिओ मीही बघतो, पण रस्त्याच्या मधोमध उभे राहून शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारणारे ते प्रेक्षक दिसले की रस्त्याकडेला सुरक्षेसाठी उभ्या राहणाऱ्या मार्शलचं काम केलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आणि गंमत म्हणजे आज ज्या काळाच्या आठवणी काढल्या जातात, साइन्झ, मॅक्रे, मॅकिनेन या चालकांचा काळ, तो ग्रुप बीचा नव्हेच. तो त्यानंतर आलेल्या, कागदावर कितीतरी सौम्य अशा ग्रुप एचा आहे.

ग्रुप एचा नियम साधा होता. रॅलीत उतरवायची गाडी किमान ५००० च्या संख्येत बनवून विकायची; पुढे हा आकडा २५०० वर आला. म्हणजे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद हवी असेल, तर ती आधी गिऱ्हाइकाच्या गाडीत घाला. लॅन्चियाने डेल्टाच्या जोरावर १९८७ ते १९९२ असं सलग सहा वर्षं उत्पादकांचं अजिंक्यपद जिंकलं, आणि ती डेल्टा इटलीतला एखादा डॉक्टर दवाखान्यात जायला वापरू शकत होता. टोयोटाने सेलिका जीटी-फोर आणली, सुबारूने इम्प्रेझा, मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशन. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे इम्प्रेझात जगज्जेता झाला आणि १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेन लान्सरमध्ये. त्या निळ्या आणि लाल गाड्यांची पोस्टरं ज्यांच्या खोलीत होती, त्यांतल्या कित्येकांनी पुढे कमवायला लागल्यावर तीच गाडी घेतली. ज्यांना परवडली नाही त्यांनी त्याच गाडीची जुनी, तिसऱ्या मालकाची प्रत घेऊन गावच्या क्लब रॅलीत नाव घातलं. जगज्जेत्याच्या आणि त्या पोराच्या गाडीत फरक असायचा तो पैशाचा आणि मेहनतीचा. मुळातली गाडी एकच असायची.

मग १९९७ मध्ये ‘वर्ल्ड रॅली कार’ हा नवा प्रकार आला. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या चारचाकी-चालनाची टर्बो गाडी हजारोंनी विकूच शकत नव्हत्या. त्यांना मुभा मिळाली: तुमची साधी, पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक घ्या, टर्बो आणि मागचा डिफरन्शियल आम्ही रॅलीपुरता बसवू देतो. हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. १९९९ च्या हंगामात टोयोटा, सुबारू, मित्सुबिशी, फोर्ड, प्यूजो, सीट आणि स्कोडा अशा सात कंपन्या मैदानात होत्या. एवढी गर्दी आज स्वप्नातही दिसत नाही. प्यूजोने २०६ वर २००० ते २००२ अशी तीन वर्षं उत्पादकांचा किताब मारला. पण शोरूममधल्या २०६ मध्ये त्या रॅलीतल्या २०६ चं काय होतं? दिवे, दारं आणि नाव. रॅली बघून भारावलेला माणूस शोरूममध्ये गेला तर त्याला द्यायला कंपनीकडे काही नव्हतं. पाच-सात वर्षांनी जमाखर्च मांडताना विक्री विभागाने ‘यातून नेमकं काय विकलं गेलं?’ असं विचारलं, तेव्हा रॅली विभागाकडे उत्तर नव्हतं.

पुढचं सगळं भराभर घडलं. २००५ च्या शेवटी मित्सुबिशी, प्यूजो आणि स्कोडा गेल्या. २००८ च्या डिसेंबरात, मंदीच्या ऐन भरात, सुबारू आणि सुझुकीने एका आठवड्याच्या आत-बाहेर गाशा गुंडाळला. उरल्या सिट्रोएन आणि फोर्ड. २०११ च्या नोव्हेंबरात तर स्पर्धेचं प्रमोशन ज्यांच्याकडे होतं त्यांच्या मालक कंपनीचंच दिवाळं वाजलं, आणि २०१२ चा हंगाम माँटे कार्लोत सुरू झाला तेव्हा प्रसारणाचा पत्ता नव्हता. या सगळ्या काळात सेबास्तियाँ लोएब २००४ ते २०१२ असे सलग नऊ किताब जिंकत होता. लोकांनी कंटाळून टीव्ही बंद केला याचं खापर त्याच्यावर फुटतं, ते मला पटत नाही. शर्यतीत दोनच कंपन्या उरल्या तर त्यातली चांगली गाडी आणि चांगला चालक जिंकणारच.

फोक्सवॅगनचा किस्सा तर डोळे उघडणारा आहे. २०१३ मध्ये आले, सेबास्तियाँ ओझिए या चालकाला घेऊन सलग चार वर्षं चालकांचा आणि उत्पादकांचा असे दोन्ही किताब नेले. २०१७ साठी नवी पोलो बनवली, चाचण्या झाल्या, गाडी तयार. आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांत केलेल्या लबाडीच्या प्रकरणात हात पोळल्यावर २०१६ च्या नोव्हेंबरात मुख्यालयातून निरोप आला: बंद करा. ती गाडी रॅली न लढताच गोदामात गेली. २०१९ च्या शेवटी ओझिए सोडून गेला म्हणताच सिट्रोएननेही दुकान बंद केलं. तीन-चार कंपन्यांच्या संचालक मंडळांच्या मर्जीवर चालणारी जागतिक स्पर्धा म्हणजे कधीही कोणी वीज तोडेल अशा घरात राहण्यासारखं आहे.

२०२२ मध्ये रॅली१ नावाची नवी गाडी आली. सांगाडा पूर्ण नळ्यांचा, वर मूळ गाडीसारखं दिसणारं कवच, १.६ लिटर टर्बो आणि जोडीला १०० किलोवॉटचं हायब्रिड युनिट. सुरक्षेच्या दृष्टीने हा सांगाडा उत्तम, याबद्दल दुमत नाही. पण एका गाडीची किंमत दहा लाख युरोच्या घरात गेली. हायब्रिड पेटी सीलबंद. बिघडली तर संघाच्या मेकॅनिकने ती उघडायचीही नाही, पुरवठादाराकडे पाठवायची. अपघात झाला तर मार्शलने गाडीला हात लावण्याआधी आतला दिवा हिरवा आहे की लाल ते पाहायचं, कारण लाल असेल तर बॉडीत वीज उतरलेली असू शकते. रॅलीचा मार्शल म्हणजे रविवारची सुट्टी घालवून जंगलात शिट्टी घेऊन उभा राहिलेला गावातला माणूस असतो, हे ज्यांनी नियम लिहिले त्यांना एकदा जवळून दाखवायला हवं होतं. एवढं करून हायब्रिडमुळे नवी कंपनी किती आली? एकही नाही. टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या चालवणारी एम-स्पोर्ट, हेच तिघे राहिले. २०२५ पासून हायब्रिड काढून टाकलं, गाडीचं किमान वजन १२६० वरून ११८० किलोवर आणलं, इंजिनाची हवा थोडी आवळली. नियमांची ठरलेली मुदत संपण्याआधी, मधल्याच वर्षांत असा यू-टर्न घेतला की नव्याने येऊ पाहणारी कंपनी आणखी दोन वर्षं कुंपणावरच बसते.

आता मजा बघा. याच रॅलींमध्ये, याच रस्त्यांवर, मागून निघणारा रॅली२ हा वर्ग धडधाकट आहे. २०१३ मध्ये आर५ नावाने सुरू झालेला हा प्रकार. किंमतीला कमाल मर्यादा, महत्त्वाच्या सुट्या भागांचेही दर ठरलेले, आणि पैसे मोजले की कोणालाही गाडी मिळते. स्कोडाने आपली फाबिया अशी शेकड्याने विकली. ह्युंदाई, सिट्रोएन, फोर्ड, फोक्सवॅगन यांच्या गाड्या आल्या, २०२४ मध्ये टोयोटाची जीआर यारिस आली आणि २०२६ साठी चक्क लॅन्चियाने याच वर्गात पुनरागमन जाहीर केलं. त्यामुळे रॅली मेली असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. मेला आहे तो फक्त वरचा वर्ग, आणि तोही तिथे जायचा रस्ता बंद झाल्यामुळे.

२०२५ ची एस्टोनिया रॅली हा याचा पुरावा. ऑलिव्हर सोल्बर्ग त्या वर्षी रॅली२ मध्ये धावत होता. टोयोटाने त्याला एका रॅलीपुरती वरच्या वर्गातली गाडी दिली आणि तो थेट जिंकला. म्हणजे गुणवत्ता खाली थांबलेली आहे, वर बसायला खुर्च्याच नाहीत. दुसऱ्या टोकाला काले रोवानपेरा: २२ व्या वर्षी सगळ्यात तरुण जगज्जेता, पुढच्या वर्षी पुन्हा जगज्जेता, आणि २०२५ च्या शेवटी पंचविशीतच जपानात सर्किटवर धावायचं ठरवून त्याने रॅली सोडली. त्याचे निर्णय त्याच्यापाशी. पण जिथे पूर्ण हंगामाला हरवायला पाच-सहाच माणसं असतात, तिथे इतक्या हुशार मुलाने किती वर्षं रमावं?

हेच नाटक आपण भारतीयांनी छोट्या रंगमंचावर आधीच पाहिलं होतं, म्हणून थोडं विषयांतर करतो. आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपदात एके काळी जपानी कारखाने जीव तोडून भांडायचे. २०१२ पासून तिथे आपल्या एमआरएफचा संघ स्कोडाच्या गाड्या घेऊन उतरला आणि २०१७ पर्यंत दर वर्षी किताब याच संघाच्या चालकाकडे राहिला. त्यातली २०१३, २०१६ आणि २०१७ ही तीन वर्षं आपल्या गौरव गिलची. अभिमान वाटतोच, २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतल्या लाल मातीवर मी त्याची फाबिया जाताना पाहिली आहे: वळणाच्या आधीच गाडी आडवी, आणि वळण संपायच्या आत तोंड सरळ. पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत त्याला भिडणारा दुसरा तगडा कारखाना जवळपास नव्हताच. स्पर्धक आटले, मग प्रायोजक आटले, मग स्पर्धेच्या फेऱ्या, म्हणजे वर्षातल्या रॅली. एका चांगल्या संघाने खेळ मारला नाही. दुसऱ्या संघाला आत यायची किंमत खेळाने इतकी वाढवली की कोणी आलंच नाही.

मग करायचं काय? २०२७ साठी एफआयएने, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक नियामक संस्थेने, जे नियम आणले आहेत त्यांची दिशा मला पटते. गाडीची कमाल किंमत ३,४५,००० युरो, सुरक्षित नळ्यांचा सांगाडा तसाच, आतले बरेच भाग रॅली२ चे, ताकद साधारण ३०० अश्वशक्ती, आणि कंपनी नसलेल्या बांधणीकारालाही गाडी बनवून मान्यता घ्यायची मुभा. ‘३०० घोड्यांनी काय होणार’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना माझं सांगणं आहे की त्यांनी एकदा रॅली२ गाडी ओल्या मातीवर, दहा फुटांवरून जाताना बघावी. प्रेक्षकाला घोडे दिसत नाहीत, गाडी हलताना दिसते. जास्त पकड असलेली आणि हवेने रस्त्यावर जास्त दाबून धरलेली गाडी वेगवान असते, पण रुळावरून गेल्यासारखी जाते.

माझी धास्ती वेगळी आहे. गाडीच्या किंमतीवर झाकण ठेवलं तरी खर्च दुसरीकडून उतू जातो. खरा पैसा जातो चाचण्यांत, धक्के शोषणाऱ्या डॅम्परच्या शेकडो सेटिंगांत, सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या तळावर, संगणकापुढे बसलेल्या इंजिनिअरांत. एका आठवड्याच्या चाचणीत एक कारखाना जितकी टायरं झिजवतो, तितक्यात आपल्याकडचा खासगी संघ हंगाम काढेल. म्हणून किंमतीसोबत चाचण्यांचे दिवस, संघातली माणसं आणि वर्षाला किती सुधारणा करता येतील यावरही तितकीच घट्ट मर्यादा हवी. शिवाय गाडी मागेल त्याला ठरलेल्या मुदतीत द्यायचं बंधन हवं. नाहीतर कारखाने किंमत लावतील, पण ‘सध्या उपलब्ध नाही’ अशी पाटीही लावतील.

आणि तपासणी. नियम लिहिणं सोपं आहे. १९९५ च्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या टर्बोत जे सापडलं ते प्रत्येक तपासनिसाने एकदा अभ्यासावं असं आहे. टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे हवेची वाट अरुंद करणारी कडी, असायचा. इंजिनाने ओढलेली सगळी हवा त्यातूनच जायला हवी. टोयोटाच्या गाडीत होज बसवून क्लॅम्प आवळला की आतल्या स्प्रिंगांवर दाब यायचा, रेस्ट्रिक्टर जागेवरून काही मिलिमीटर सरकायचा आणि बाजूच्या फटीतून जादा हवा आत शिरायची. तपासणीसाठी होज सोडला की स्प्रिंग सैल, रेस्ट्रिक्टर परत जागेवर, माप बरोबर, सील शाबूत. चोर सापडायचा तर तो चोरी थांबवल्यावरच हाती लागणार, अशी ती रचना! त्या वेळचे एफआयए अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीही तिच्या कल्पकतेला दाद दिली आणि संघाला वर्षभराची बंदी घातली. लोखंडाचा तुकडा लपवायला कारखाने एवढं डोकं लावतात, तर हिशेबाच्या वहीत किती लावतील? किंमतीची मर्यादा पाळली जाते की नाही हे बघायला एफआयएला मेकॅनिकांच्या जोडीला खमके ऑडिटर ठेवावे लागतील. सोपा उपाय एक आहे: स्पर्धेतल्या कोणत्याही गाडीचा कोणताही भाग ठरलेल्या दराने दुसऱ्या संघाला विकत मागता यावा. जादा पैसा ओतून बनवलेला भाग स्वस्तात द्यावा लागणार म्हटलं की ओतणाऱ्याचा हात आपोआप आखडतो.

शोरूमचा दुवाही जोडता येतो, हे टोयोटानेच दाखवलं. २०२० ची जीआर यारिस ही रॅली डोळ्यापुढे ठेवून बनवलेली रस्त्यावरची गाडी: तीन सिलिंडरचं १.६ टर्बो, चारही चाकांना ताकद, तीन दारं. लोकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. कोविडमुळे तिची डब्ल्यूआरसी आवृत्ती रद्द झाली, तरी रस्त्यावरच्या गाडीने टोयोटाला जे नाव दिलं ते जाहिरातींनी मिळत नाही. २५०० गाड्यांची जुनी सक्ती परत आणा असं मी म्हणत नाही. आज सगळं जग एसयूव्ही घेतं आहे, फोर्डने तर २०२३ मध्ये फिएस्टाच बंद केली. पण जी कंपनी तसली गाडी विकून दाखवेल तिला काही सवलत द्यायला काय हरकत आहे? एखादी जादा सुधारणा, थोडे जास्त चाचणीचे दिवस.

रॅलीच्या स्वरूपाबद्दल जुने लोक हळहळतात, आणि इथे मी निम्मा त्यांच्या बाजूने आहे. शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा केनियन, सफारी रॅली पाच वेळा जिंकला: १९७३ आणि मग १९७९ ते १९८२ सलग. त्या सफारीत चालू वाहतुकीच्या रस्त्यांवर हजारो किलोमीटर पळायचं, वाटेत म्हशी, चिखल, पूर. १९७३ ला तर त्याचे आणि हॅरी शेलस्ट्रॉमचे दंडगुण सारखेच झाले आणि निकाल टायब्रेकवर लागला. आज उघड्या रस्त्यावर तसं काही करणं वेडेपणा ठरेल, आणि ते बरोबरच आहे. पण त्याची जागा ज्याने घेतली तो प्रकारही बेचव आहे: एक सर्व्हिस पार्क, भोवती तीन-चार स्टेजेस, म्हणजे बंद रस्त्यावर वेळ मोजून पळायचे टप्पे, सकाळी एकदा आणि दुपारी तेच पुन्हा. आयोजकाला स्वस्त पडतं, मार्शल कमी लागतात, कॅमेरे हलवावे लागत नाहीत, हे मला मान्य आहे. शिवाय दुसऱ्या फेरीत रस्ता वेगळाच झालेला असतो. सकाळी माझ्या वाटेच्या नोट्समध्ये ‘फोर लेफ्ट, कट’ लिहिलेलं असतं, म्हणजे डावं वळण, आतली कड कापून जा. दुपारी त्याच कटमध्ये पन्नास गाड्यांनी खणलेली चर असते, मधून दगड वर आलेला असतो आणि मी तीच ओळ ‘डोन्ट कट’ अशी ओरडून वाचतो. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही. त्याला तोच रस्ता दुसऱ्यांदा दिसतो.

यावर तोडगा फार महाग नाही. प्रत्येक रॅलीत एक लांब स्टेज असावी जी एकदाच धावायची, आणि एक रात्रीची. काही फेऱ्यांत दुपारची सर्व्हिस काढून फक्त टायर बदलायची जागा ठेवतात. ते सगळीकडे करा. मग करोडपती चालक आणि त्याचा सहचालक रस्त्याकडेला गुडघ्यावर बसून, गाडीत असलेल्याच पाना-पकडीने चाक धरणारी वाकलेली आर्म सरळ करतात, टाइम कंट्रोलच्या घड्याळाकडे बघत, कारण उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंदांचा दंड. ते दृश्य एकदा कॅमेऱ्यावर आलं की लोक हलत नाहीत. गुणपद्धतीत मात्र हात घालू नका. २०२४ मध्ये शनिवारचे वेगळे, रविवारचे वेगळे असे गुण वाटायचं खूळ निघालं. स्वीडनमध्ये एसापेक्का लाप्पी जिंकला आणि दुसऱ्या आलेल्या एल्फिन एव्हान्सला त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळाले. जिंकला कोण हे समजावून सांगायला अर्धा तास लागत असेल तर नवा प्रेक्षक मिळणार कुठून? एका वर्षात ती पद्धत बदलावी लागली.

प्रसारणाचं दोन वाक्यांत सांगतो. २०१८ पासून सगळ्या स्टेजेस थेट दिसतात, काम उत्तम आहे, पण ते वर्गणीच्या भिंतीआड. प्रत्येक रॅलीची एक स्टेज तरी फुकट, पूर्ण, गाडीच्या आतल्या कॅमेऱ्यातून आणि नेव्हिगेटरच्या आवाजासकट दाखवा. समालोचकाने त्या वेळात गप्प बसावं.

रॅलीला आता गर्दी होत नाही म्हणणाऱ्यांना पॅराग्वे दाखवतो. २०२५ मध्ये तिथे पहिल्यांदाच डब्ल्यूआरसी झाली आणि रस्त्याच्या कडा माणसांनी फुलल्या. भूक आहे. पण गर्दीबरोबर जबाबदारी येते. २०१९ मध्ये राजस्थानातल्या आपल्या राष्ट्रीय रॅलीत बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटरसायकल शिरली आणि एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. गावकऱ्याला दोष देऊन चालत नाही; त्याच्यासाठी तो रोजचा रस्ता आहे. प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी माणूस हवा, आदल्या दिवशी गावात दवंडी हवी, शाळेत, ग्रामपंचायतीत जाऊन सांगायला हवं. वरच्या वर्गाचे पैसे वाचले तर त्यातला वाटा इकडे यायला हवा.

आपल्याकडचं चित्र मूळ मुद्द्याला धरूनच आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदात कित्येक वर्षं ज्या गाड्यांवर भिस्त राहिली त्या मित्सुबिशी सेडिया आणि फोक्सवॅगन पोलो. दोन्ही आता भारतात नव्या मिळत नाहीत. नाशिकच्या घाटात किंवा कोइमतूरच्या मातीत गिअरबॉक्स गेला की संघाचा माणूस भंगारबाजारात फोन फिरवतो. नव्या पोराने कोणती गाडी घेऊन सुरुवात करावी, असं मला विचारतात तेव्हा सरळ उत्तर देता येत नाही. बाहेरून रॅली३, म्हणजे रॅली२ च्या खालच्या वर्गातली, गाडी आणावी, तर लाखभर युरोची गाडी आणि वर जबर आयात शुल्क. इथल्या एखाद्या कंपनीने साध्या हॅचबॅकचा रॅलीसाठीचा किट, म्हणजे रोल केज, सस्पेन्शन, सीट आणि बेल्ट, ठरलेल्या दराने आपल्या डीलरमार्फत विकायला ठेवला, तर दोन वर्षांत राष्ट्रीय रॅलीचं चित्र बदलेल. पुण्याच्या संजय टकल्यांसारखे लोक स्वतःच्या हिमतीवर जागतिक फेऱ्यांपर्यंत पोचले. पण ज्याच्याकडे तेवढं पाठबळ नाही त्याला पहिली पायरी तरी दुकानात दिसली पाहिजे.

जागतिक रॅली पुन्हा उभी राहील का, हा प्रश्नाचा दुसरा भाग. मला वाटतं राहील, पण २०२७ च्या पहिल्या हंगामात कंपन्यांची नावं मोजून निष्कर्ष काढू नका. फेरीची एन्ट्री लिस्ट उघडा आणि ‘एन्ट्रंट’चा रकाना वाचा, गाडी कोणाच्या नावावर उतरली आहे तो. तिथे कारखान्यांच्या जोडीला पाच-सहा खासगी संघ दिसले, आणि त्यातला एखादा ओल्या स्टेजवर कारखान्याच्या गाडीला मागे टाकताना दिसला, तर उरलेल्या कंपन्यांना बोलवायला कोणाला जावं लागणार नाही.